रविवारची दुपार

आठवडाभर ऑफिस केल्यावर रविवारी दुपारी मला फक्त झोपायचं असतं. आमच्या घरी मात्र आडवं पडलेलं माणूस म्हणजे रिकामं माणूस. मागच्या रविवारी डोळा लागतो न लागतो तोच दीक्षितपुऱ्याहून काकू आल्या.

"काहून, बरं नाही का हिला?"

"काही नाही, लोळून राहिली नुसती," आई म्हणाली. "घेऊन जा न बड्या फुहाऱ्याच्या बाजारात, साड्या पाहायला सोबत होईल."

मला कोणी विचारलंच नाही. तोंडावर नाही म्हणणं मला जमत नाही. मी उठून लॅपटॉप उघडला आणि ऑफिसचं काम आलंय म्हणून सांगितलं. दोघींचे आवाज लगेच खाली आले. आईने कूलर माझ्याकडे वळवला, चहा आणून ठेवला.

"सुट्टीतही सोडत नाहीत बिचारीला," म्हणत काकू एकट्याच गेल्या.

थकले आहे, एवढं कारण पुरलं नसतं. संध्याकाळपर्यंत मी खुर्चीत ताठ बसून होते, कारण आई अधूनमधून दारातून कौतुकाने बघत होती. पलंग शेजारीच होता, पण त्यावर पडायची सोय आता मीच घालवली होती.