कंपासपेटीतला आवाज

डॉक्टरांनी आधी चांगली बातमी दिली. गाठ वेळेत सापडली होती, ती पूर्ण निघेल आणि पुढचा धोका बहुतेक टळेल. मग ते जरा थांबून म्हणाले, "पण स्वरयंत्र काढावं लागेल."

आमचे हे बसलेल्या, खरखरीत आवाजात म्हणाले, "म्हणजे आता घरात हिचंच चालणार."

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमधल्या पुढच्या खोलीत हे नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवायचे. त्यांचं शिकवणं म्हणजे बोलणंच होतं. फळ्यावर कमी लिहायचे, आणि बोलून बोलून मुलांकडूनच उत्तर काढून घ्यायचे. मी वाघोलीच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. रोज गावाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं आणि यायचं. दमून घरी आले की जिन्यातच ह्यांचा आवाज ऐकू यायचा. आवाज चढलेला असला तर समजायचं, भूमिती चालू आहे.

शस्त्रक्रियेच्या आधी मी मोबाइल त्यांच्यापुढे ठेवला. "अहो, काहीतरी बोला. रेकॉर्ड करून ठेवते."

"काय बोलू? मृत्युपत्र वाचू?"

"तासाला जे बोलता, तेच बोला."

आधी त्यांनी नुसते आढेवेढे घेतले. मग खुर्चीत नीट बसले आणि समोर मुलं बसली आहेत असं समजून एकेक वाक्य बोलत गेले. "पायऱ्या खाऊ नका." "उत्तर बरोबर, रीत चूक." "हं, पुढे." "समजलं नसेल तर विचारा. समजल्यासारखी मान हलवू नका." मग घरातली वाक्यं. आणि शेवटी एक वाक्य, जे वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी आधीच सुचवून ठेवलं होतं: "मला बोलता येत नाही, पण ऐकू येतं. ओरडू नका."

शस्त्रक्रिया चांगली झाली. तपासणीचे अहवालही चांगले आले. भेटायला येणारे सगळे म्हणत, "जिवावरचं बोटावर निभावलं." खरंच होतं ते. पण घर इतकं शांत झालं होतं की फ्रिजची घरघरसुद्धा ऐकू यायची. रात्री ती ऐकत मी जागीच असायचे. हे एका छोट्या पांढऱ्या पाटीवर मार्करने लिहून बोलायचे. डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दाखवलं होतं. त्यातून येणारा सपाट, धातूचा आवाज ऐकून ह्यांनी पाटीवर लिहिलं, "लिफ्ट बोलतेय."

मोबाइलवरची वाक्यं वाजवून बघितली, पण ते जमेना. फोन उघडा, फाइल शोधा, आवाज वाढवा, तोवर समोरचा माणूस पुढच्या विषयावर गेलेला असायचा. नाहीतर बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडायला लागायचा. ह्यांनी एकदाच तास घेऊन पाहिला. मुलं बिचारी गप्प बसून ह्यांच्या बोटांकडे बघत राहिली. त्या संध्याकाळी दारावरची क्लासची पाटी ह्यांनी स्वतःच काढून ठेवली आणि बाल्कनीत जाऊन बसले. नंतर रोज तिथेच बसायला लागले.

त्यांना न बघता दाबता येतील अशी बटणं हवी होती. दाबलं की वाक्य बाहेर, एवढंच. हे माझ्या रोजच्या कामातलं होतं. एक मायक्रोकंट्रोलर बोर्ड, म्हणजे काडेपेटीएवढा संगणकच, एक स्पीकर, चार बटणं. कॉलेजात आम्ही असल्या बोर्डांचे प्रोग्रॅम सी भाषेत लिहून घ्यायचो. पण त्यात एक वाक्य बदलायचं म्हटलं तरी सगळा प्रोग्रॅम नव्याने बांधून बोर्डावर चढवावा लागतो. म्हणजे प्रत्येक वेळी ह्यांना माझ्याकडे यावं लागलं असतं, आणि ते त्यांना कधीच मानवलं नसतं.

त्यापेक्षा एक सोपी स्क्रिप्टची भाषा होती. ती समजणारं फर्मवेअर, म्हणजे बोर्डाच्या पोटात कायम बसणारा मूळ प्रोग्रॅम, एकदा बसवलं की पुढे साध्या फाइलमधली एक ओळ बदलली तरी काम होतं. गणिताच्या माणसाला ते सहज जमलं असतं. अडचण एकच होती. त्या वेळी इंटरनेटवर मिळणाऱ्या तयार फर्मवेअरमध्ये आवाज बाहेर पाठवणारा भागच नव्हता. कुण्या हौशी माणसाने तो वेगळा लिहून ठेवला होता. तो घालून अख्खं फर्मवेअर आपण बांधायचं, हे मी कधी केलं नव्हतं.

मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. वाघोलीच्या शेतकरी घरातली मुलगी, आता खराडीच्या एका कंपनीत हेच काम करत होती. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, रविवारी येते. सरांना सांगा, जेवायलाच हाय मी."

रविवारी सकाळी ती स्कूटरवरून आली. ह्यांनी दार उघडलं आणि पाटी पुढे केली: "स्वागत. खिचडी मी करतोय. तक्रार चालणार नाही."

"सर, मी खाण्याच्या बाबतीत तक्रार करत नाही," ती म्हणाली आणि ओढणी खोचून जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली.

मी फर्मवेअर बांधायचा प्रयत्न आधीच करून ठेवला होता. माझ्या पडद्यावरच्या चुकांच्या लाल ओळी बघून तिने मान हलवली. "मॅडम, तुम्ही सगळं लेटेस्ट घेतलंय. ज्याने हा आवाजाचा भाग लिहिला, त्याने ज्या आवृत्तीवर लिहिला तीच घ्यायची. ते बांधणारा कंपायलरसुद्धा तेव्हाचाच."

"म्हणजे जुनं शोधायचं?"

"हो. नवीन घेतलं की ते जुन्याला ओळखच देत नाही."

जुनं शोधण्यात, उतरवण्यात बराच वेळ गेला. मग तिने आज्ञा दिली आणि काळ्या पडद्यावरून ओळी भराभर वर सरकायला लागल्या. मध्येच पुन्हा लाल झालं. एक फोल्डर यायचं राहिलं होतं. हे हातात डाव घेऊन आमच्या मागे उभे होते. त्यांनी पाटी पुढे केली: "करपलं का?"

"नाही सर, फोडणी राहिली होती," ती म्हणाली.

खिचडी खाऊन होईपर्यंत फर्मवेअर तयार झालं. ते बोर्डावर चढवायला गेलो तर बोर्ड दादच देईना. मी बटण दाबून धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. पडद्यावर तेच: जोडता आलं नाही. बोर्ड मेला की काय, असं वाटलं. दुसरा बोर्ड घरात नव्हता.

तिने केबल हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "ही कशाची आहे?"

"टॉर्चबरोबर आली होती."

"मग ही नुसती चार्जिंगची. हिच्यातून वीज जाते, माहिती जात नाही. दुसरी हाय का?"

ह्यांनी कपाट धुंडाळून जुन्या कॅमेऱ्याची केबल काढून दिली. ती लावल्याबरोबर बोर्ड सापडला. मी एवढ्या मोठ्याने "हुश्श" केलं की दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

पण एवढ्यावर भागलं नाही. फर्मवेअर चढलं, आणि बोर्ड सुरू होतोय न होतोय तोच बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागला. पडद्यावर नुसता अक्षरांचा कचरा. या खेपेला चूक माझ्या लक्षात आली. "अगं, आपण मेमरीतला पत्ता शून्य दिलाय. या बोर्डावर फर्मवेअर जरा पुढून सुरू व्हायला हवं." तिने कपाळावर हात मारला. सगळं पुसलं, बरोबर पत्ता देऊन पुन्हा चढवलं. पडद्यावर एक ओळ उमटली आणि तिच्याखाली तीन छोटे बाण. आता हवं ते लिहा, असा त्याचा अर्थ. मी दोन आणि दोनची बेरीज लिहिली. खाली चार आले.

ह्यांनी पाटीवर लिहिलं, "एवढ्यासाठी सकाळपासून?"

आता खरी परीक्षा होती. रेकॉर्ड केलेलं पहिलं वाक्य बोर्डावर ठेवलं, स्पीकर जोडला आणि मी कळ दाबली. स्पीकरमधून एक चिरका, उंदरासारखा आवाज भर्रकन ओरडला, "पायऱ्या खाऊ नका!"

 मग माझं लक्ष ह्यांच्याकडे गेलं. त्यांचे खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी घाबरून उठले. ते हसत होते. आवाज नव्हता, नुसता गळ्यावरच्या छिद्रातून श्वास फुसफुसत होता, पण पोट धरून हसत होते. शस्त्रक्रियेनंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होते. मग आम्हाला दोघींनाही आवरेना. तिने पुन्हा वाजवलं, आम्ही पुन्हा हसलो.

हसू ओसरल्यावर ह्यांनी लिहिलं, "दुप्पट वेगाने वाजतंय. वेगाचा आकडा कुठे आहे?"

मी फाइलमधली ती ओळ दाखवली. त्यांनी मला हाताने बाजूला सरकवलं, खुर्चीत बसले आणि एका बोटाने टाइप करत तो आकडा निम्मा केला. ना काही बांधावं लागलं, ना चढवावं लागलं. मग स्वतःच कळ दाबली.

"पायऱ्या खाऊ नका."

बसलेला, खरखरीत, थोडा वैतागलेला. त्यांचाच आवाज.  ती मुलगी उठून खिडकीपाशी गेली आणि बाहेर बघत राहिली.  ह्यांनी मात्र कान स्पीकरपाशी नेला, पुन्हा ऐकलं आणि लिहिलं, "ठीक. थोडा मोठा हवा. मागच्या मुलांना ऐकू जाणार नाही."

मागच्या मुलांना. मी ते शब्द दोनदा वाचले. म्हणजे तास घ्यायचं त्यांच्या मनात आलं होतं.

पुढच्या आठवड्यात सगळं एका प्लॅस्टिकच्या कंपासपेटीत बसवलं. झाकणाला स्पीकरसाठी भोकं, वर चार बटणं. डाव्या हातात मावेल, उजवा हात फळ्याला मोकळा. पहिल्या काही दिवसांनंतर ते मला काही विचारेनासेही झाले. एकदा मी कॉलेजातून आले तर चारही बटणांवरची वाक्यं बदललेली होती. एक बटण दाबून धरलं तर वेगळं वाक्य, पटकन सोडलं तर वेगळं, अशीही सोय त्यांनी करून ठेवली होती. मी कौतुक केलं तर पाटी आली: "सोपं आहे. तुम्ही लोक उगाच चार वर्षं शिकवता."

क्लासची पाटी पुन्हा दारावर लागली. जुन्यांपैकी काही मुलं दुसरीकडे गेली होती, पण जी आली ती सुट्टीच्या दिवशी सकाळीच आली. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत कान देऊन बसले होते. आधी खडूचा आवाज. मग शांतता. मग ह्यांचा आवाज, "हं, पुढे." एका मुलीने उत्तर सांगितलं. "उत्तर बरोबर, रीत चूक." कुणीतरी खुदकन हसलं. ती मुलगी हट्टाने म्हणाली, "सर, पण रीत का चूक? दोन्ही बाजू सारख्याच येतायत ना!" मग दुसरा मुलगा मध्ये पडला, तिसऱ्याने त्याला खोडून काढलं. बघता बघता खोलीत असा गलका झाला की ह्यांचं बटण कुणाला ऐकू आलं असेल असं वाटत नाही.

मी भाजी तशीच ठेवली, आतल्या खोलीत जाऊन आडवी झाले आणि दुपारच्या चहापर्यंत गाढ झोपले.