स्कूलबसवाली आत्या आणि काळे टीशर्ट

आमची आत्या शाळेची बस चालवते. पन्नाशी उलटली, लग्न केलं नाही, कुणाच्या बापाला भीत नाही. आवाज मात्र पत्र्यावर वाळू घासावी तसा. लहानपणी समूहगीताच्या वेळी बाईंनी सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." ते तिच्या मनाला लागलं ते लागलंच. एकदा तरी माणसांसमोर मोठ्यांदा गायचं, एवढीच तिची इच्छा. घरात सगळे हसायचे.

माझ्या दादाचा रॉक बँड आहे. अंडरग्राउंड म्हणे! खरंच आहे, एका दुकानाच्या तळघरात वाजवतात. तऱ्हाच न्यारी यांची. गाणं जितक्या कमी लोकांना आवडेल तितकं थोर. चुकून शंभर जणांनी ऐकलं की यांची तोंडं उतरतात. स्टेजवर जगाला आग लावायची आणि घरी येऊन, "आई, माझा काळा टीशर्ट धुतलास का गं?" ऐकणारेही तसलेच. हाताची घडी घालून उभे. फारच आवडलं तर मान किंचित हलवणार. टाळ्या वाजवणं म्हणजे गावंढळपणा!

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी यांचा गायक टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत पळाला. तोही केस विंचरून! दादा डोकं धरून बसला.

आत्या म्हणाली, "मी गाते. तुमचं सामान माझ्याच बसमधून जातं. तालमी ऐकून ऐकून सगळं पाठ झालंय."

"आत्या, आमची काही इज्जत आहे की नाही?"

"होती कधी?" मी विचारलं.

दुसरं कुणी मिळेना, तेव्हा दादा झक मारत तयार झाला.

संध्याकाळी आत्या ड्रायव्हरच्या निळ्या शर्टातच स्टेजवर चढली. तळघर खच्चून भरलेलं. मागून कुणीतरी ओरडलं, "काकू, रस्ता चुकलात का?" पुढचा एक दाढीवाला फिस्सकन हसला. भराभर मोबाईल वर झाले, तिचं हसं टिपायला. आत्या माइकपासून एक पाऊल मागे सरकली. आता ही खाली उतरणार आणि जन्मात पुन्हा गाण्याचं नाव काढणार नाही, असं वाटलं.

पण ती त्या दाढीवाल्याकडे निरखून बघत होती. "अरे, वळण आलं की ओकणारा तू ना?"

त्याच्या हाताची घडी सुटली. "हो, मावशी."

मग तिने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माइकमध्ये गरजली, "मोबाईल दप्तरात! सगळे खाली बसा!"

काय सांगू तुम्हाला! ते कवट्यांचे टीशर्ट, ते नाकात कड्या घातलेले बंडखोर, निमूट खाली बसले. तेही दोघादोघांच्या जोड्यांनी! निम्मं तळघर तिच्याच बसमधून शाळेत गेलेलं. उरलेले त्यांचं बघून बसले.

मग आत्या गायली. गायली कसली, भिंती हलवल्या बाईने! दादाच्या ज्या गाण्याचा एक शब्द आजवर कुणाला कळला नव्हता, त्याचा शब्द न् शब्द रस्त्यापर्यंत ऐकू गेला असेल. दुसऱ्या कडव्याला पोरं उठून नाचायला लागली, दाढीवाला सगळ्यांत पुढे. गाणं संपलं आणि टाळ्या, शिट्ट्या, नुसता धिंगाणा. दादा गिटार धरून ढसाढसा रडत होता. मीही रडले, लाज कसली त्यात? टाळ्या काही थांबेनात.

आत्याने बाहीने तोंड पुसलं आणि माइक जवळ ओढला.

"गप्प बसा रे! मला अजून एक म्हणायचंय."