पाण्यात पाय आपटायची सवय

माझ्या बाजूला मासे नव्हते, आणि त्यामागे होडीवालाच असणार असं माझ्या मनानं घेतलं होतं.

प्राणिशास्त्राची पदवी घेऊन मी मालवणच्या समुद्रात, प्रवाळांतले मासे मोजायच्या कामाला लागलो होतो. नांदूरघाटजवळच्या आमच्या वस्तीतून समुद्रापर्यंत पोचलेला मी पहिलाच. तळाशी पन्नास मीटर दोरी अंथरायची, तोंडात नळी धरून तिच्यावरून तरंगत जायचं आणि दिसेल तो मासा तिथंच पाटीवर पेन्सिलीनं लिहायचा. आमचे वरिष्ठ खडकाच्या दक्षिणेला मोजायचे, मी उत्तरेला. त्यांची पाटी भरून यायची. माझ्या पाटीवर तीन-चार पोपटमासे आणि एखादा गोबरा.

"तुझ्याच बाजूला मासे का नाहीत?" वरिष्ठांनी दोनदा विचारलं. त्यांच्या नजरेत मला संशय दिसला, आणि मी तो आम्हाला रोज समुद्रात नेणाऱ्या होडीवाल्यावर ढकलला. पाणी तापून प्रवाळ दोन्ही बाजूंना सारखंच पांढरं पडलं होतं. मग फरक माणसांनीच केला असणार. उत्तरेला होडीवाल्याचे भाऊ गळ टाकायचे. तो स्वतः रोज विचारायचा, "काय लिवलंस रे? माका दाखय." मी पाटी उलटी धरायचो. इतकी चौकशी कशाला करतो हा?

शेवटी शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'स्थानिक लोक चोरून जाळी लावत असल्याचा संशय.' या नोंदींवरून उत्तरेकडची मासेमारी बंद करायची की नाही ते ठरणार होतं. होडीवाल्याचं घर त्याच पाण्यावर चालत होतं. दिवाळीनंतर कागद द्यायचे होते. ते पिशवीत घालून मी गावी आलो.

आई-वडील ऊसतोडीला निघायच्या तयारीत होते. त्यांच्या कोयत्यावर मी शिकलो. माझं काम त्यांना नीट सांगावं म्हणून वडलांपुढं कागद मांडले आणि होडीवाल्याची लबाडीही सांगितली.

"तू पाह्यलंस का जाळं?" वडलांनी विचारलं.

"नाही. पण मासे नाहीत ना!"

"आरं, फडात आमी शिरलो की ससं, तित्तर समदे फुडं पळतेत. म्हून काय फडात ससंच न्हाईत व्हय? तू पान्यात कसा उतरतूस?"

"कसा म्हणजे? उतरतो तसा."

"चल, दाव."

आमच्या विहिरीत मासे सोडलेले आहेत. वडलांनी भाकरीचे तुकडे टाकले तसा कडेला मासळीचा घोळका जमला. मी गुडघे पोटाशी घेऊन मुटका मारला आणि पाय आपटत पलीकडं गेलो. काठाला धरून मागं पाहिलं. तुकडे पाण्यावर तसेच तरंगत होते. मासा एकही नव्हता. आम्ही बराच वेळ वाट पाहिली.

"कावून एवढे पाय आपटतूस?"

"पाणदिवड लांब राहावी म्हणून. तुम्हीच शिकवलं होतं."

लहानपणी पाठीला रिकामा डबा बांधून त्यांनी मला याच विहिरीत सोडलं होतं. पाणसापाच्या भीतीनं पाय कधी थांबू द्यायचे नाहीत, हा त्यांचा पहिला धडा. कामाच्या प्रशिक्षणात सावकाश तरंगायला सांगितलं होतं, पण खोल पाणी दिसलं की पाय आपोआप सुरू व्हायचे.

वडील आधी हसले, मग म्हणाले, "मंजी माझ्या शिकवन्यानं त्या मान्साचं पोट जात व्हतं की रे."

परत गेल्यावर मी होडीच्या कडेवरून हळूच पाण्यात उतरलो. पाय आवरायला लई जड गेलं. पाटी भरली. वरिष्ठांइतकी नाही, थोडा फरक उरलाच आणि त्याचं कारण मला अजून माहीत नाही. जुने कागद रद्द करायला मी वरिष्ठांना सांगितलं, शेरा खोडला आणि तो खोडलेला शेरा होडीवाल्याला वाचून दाखवला.

त्यानं वल्हं थांबवलं. "मगे इतके दिवस काय मोजी होतंस?"

त्यानं हात पुढं केला. मी पाटी दिली. दोन माशांची नावं चुकली होती. त्यानं ती थुंकी लावून पुसली आणि पेन्सिल मागितली. त्या दिवसापासून पाटी आधी त्याच्या हातात जाते.