आत्याच्या अंगणातला शिमगा

एम.ए.ला मी ब्राझीलचं साहित्य आणि सिनेमा घेतला, कारण त्या विभागात जागा शिल्लक होती. पुढं मुलाखतींत मी लहानपणापासूनची ओढ वगैरे सांगायला लागले, ते सोडून द्या. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. तिथं ब्राझील म्हणजे फुटबॉल. एकट्या आत्यानं विचारलं, "तिथं माणसं काय खातात गो?" भात आणि काळ्या घेवड्याची उसळ म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. आईबाप मुंबईला कामाला, मला वाढवलं ते नवरा सोडून माहेरी आलेल्या या आत्यानं.

दुसऱ्या वर्षी मॅडमनी तिथल्या कार्निव्हलची एक फिल्म दाखवली. रस्त्यात हजारो माणसं नाचत होती आणि त्यांच्याभोवती जाड दोरी होती. आत शिरायला खास सदरा लागतो, तो नसेल त्यानं बाहेर. दोरी धरून चालणारेही बाहेरचेच, गरीब वस्तीतले, त्यांत बायकाही. पुस्तकात मात्र लिहिलेलं, कार्निव्हलमध्ये सगळे समान. मी भडकले. तावातावानं बोलता बोलता आमच्या शिमग्याचं नाव घेतलं. आमची पालखी दारोदार जाते, प्रत्येक अंगणात नाचते, आमच्यात दोरीबिरी नाही. मॅडमचे डोळे चमकले. माझ्या बोलण्याला एरवी हसणारी मुलं वळून बघायला लागली. शिमग्यावर फिल्म करायची, प्रबंधाला जोडायची, मॅडम स्वतः येणार, हे तिथल्या तिथं ठरलं.

प्रत्येक अंगणात नाचते, हे मी धडधडीत खोटं बोलले होते. आत्याच्या अंगणात दोन वर्षं पालखी आलेली नव्हती.

सहाणेला, म्हणजे पालखी बसते त्या ओट्याला लागून आजोबांनी आत्याच्या नावावर केलेला शेताचा तुकडा आहे. गावकीला तिथं मंडप हवा होता, आणि ती देईना. तेव्हापासून ती वाळीत. हा शब्द कुणी उच्चारत नाही, कायदा झालाय ना. ती विहिरीवर आली की बायका "भात करपंल" म्हणून उठतात, आणि पालखीचं विचारलं तर गावकीवाले म्हणतात, उशीर झाला. तरी ती दर शिमग्याला अंगण सारवायची आणि नारळाचं ताट घेऊन उभी राहायची.

गावकीच्या प्रमुखांना मी काका म्हणते. परवानगी मागायला गेले तर भलतेच खूश झाले. "कर की शूटिंग. गावाचं नाव होईल. पण तुझ्या मॅडम उतरणार कुठं? आमच्याकडंच आण. तूपण इथंच ऱ्हा."

मला कळायचं ते कळलं. आत्याला सांगितलं, मॅडमना पंख्याशिवाय झोप येत नाही.

"चालंल गो," ती म्हणाली. "कॅमेरा हाय म्हटल्यावर गावकीवाल्यांना लाज वाटंल. यंदा थांबंल पालखी. तू नुसती बोल त्यांना."

मी हो म्हटलं.

दुपारी पालखी तिच्या घराच्या वाटेला लागली. आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून अंगणाच्या कडेला उभी होती. ढोल वाढले, पालखीवाल्यांनी भराभर पाय उचलले. ती दोन पावलं वाटेवर आली. "गो, सांग ना त्यांना! थांबव गो!"

काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी कॅमेरा पालखीच्या गोंड्यांवर नेला.

"कोण आहेत त्या?" मॅडमनी विचारलं.

"गावातली एक बाई आहे. डोक्यानं जरा अधू आहे."

हे हळू बोलले असते तरी चाललं असतं. पण ढोलांमुळे ओरडावं लागलं. आत्यानं माझ्याकडं पाहिलं, ताटावर पदर टाकला आणि घरात गेली.

विभागात फिल्म गाजली. "थांबव गो" एवढं मी कापलं, त्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. दोरी नसलेला उत्सव, असं मॅडम सगळ्यांना सांगत होत्या. प्रबंधात दोरी धरणाऱ्या बायकांवर मी बारा पानं लिहिली आहेत. ती पानं खरोखर चांगली उतरली आहेत, याची मला आज जास्त चीड येते.

शिमग्यानंतर महिन्याभरात आत्यानं जागा दिली आणि गावकीपुढं हात जोडून माफी मागितली. दोन वर्षं विहिरीवर एकटी पाणी भरत होती, तेव्हा वाकली नव्हती. गावकीला जे जमलं नाही ते मी एका वाक्यात केलं.

पुढच्या वर्षी पालखी तिच्या अंगणात आली. मीही गेले, कॅमेरा न घेता. पालखी मनसोक्त नाचली, तिनं ओटी भरली, नारळ फुटला आणि ती खोबऱ्याचे तुकडे वाटत फिरायला लागली. काकांना दिला. माझ्या डावीकडच्या म्हातारीला दिला, उजवीकडच्या पोरीला दिला. मी हात पुढं केलेला होता.

"आत्ये," मी म्हटलं.

"खोबरं संपलं गो," ती अगदी मायेनं म्हणाली.

ताटात अर्धी वाटी तशीच होती.