राखीच्या पेशींचं जेवण

राखी माझी धाकटी जाऊ. २००७च्या उन्हाळ्यात जुन्नरच्या बाजारात स्कूटरवरून पडली आणि गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण, उखडली. मांडी घालून सामायिकाला, म्हणजे आम्हा जैनांच्या ध्यानाला, बसणं बंद झालं. देरासरात, आमच्या मंदिरात, खुर्ची दिली तरी बसायची नाही. भिंत धरून उभी राहायची.

पुण्याचे डॉक्टर म्हणाले, "तुमच्याच गुडघ्यातला कूर्चेचा कण काढू, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवू आणि खड्ड्यात बसवू."

"वाढतात म्हणजे खातात. खायला काय घालता?" राखीनं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्तातलं सीरम."

राखीनं पर्स उचलली.

"अगं, औषध आहे ते!" संयमभाऊजी बायकोवर चिडले.

"असेल. मी लंगडेन."

डॉक्टरांनीच तिला परत खाली बसवलं. तिच्या स्वतःच्या रक्तातलं सीरम चालेल, पण पेशी पुरेशा वाढतील याची खात्री नाही. मेल्या तर दुसऱ्यांदा कण काढायला गुडघ्यात जागा नाही.

"माझंच घ्या," राखी म्हणाली.

कण काढून घरी आली तेव्हा शेजारच्या लंकाबाई बघायला आल्या. "सोताच्या रगतावर सोताचा गुडगा पोसायचा? लई झालं बाई!"

सासरे हसले. "आता पेशींचंही रात्रीचं जेवण बंद करेल ही."

"त्यांना सूट आहे, मामंजी. लहान आहेत अजून."

पर्युषण आलं. राखीनं दरवर्षीसारखी अठाई धरली, आठ दिवसांचा उपवास. तिसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. पेशी फार हळू वाढताहेत, सीरम संपत आलंय, उद्या रक्त द्यायला या. उपाशी येऊ नका.

उपवासाचा नेम ती देरासरात महाराजांकडून रोजचा रोज घ्यायची, त्यामुळे व्रतभंग होत नव्हता. पण अठाई तुटणार होती. लग्नानंतर पहिल्यांदाच.

सकाळी ती स्वयंपाकघरात आली आणि मुगाचं पाणी मागितलं.

सासूबाईंचा हात थांबला. "गुडघ्यासाठी तप सोडतेस?"

"मी वासरू नको म्हणाले तेव्हा पेशींची जबाबदारी माझ्यावर आली, सासूबाई. माझ्या भरवशावर आहेत त्या. मी उपाशी राहिले तर त्या काय खातील?"

सासूबाईंनी वाटी भरली, राखीनं संपवली, तशी न विचारता पुन्हा भरली. "प्रवासात चक्कर नको यायला," एवढंच म्हणाल्या.

पेशी जगल्या. ऑपरेशन झालं, मग कित्येक महिने कुबड्या.

पुढच्या पर्युषणात राखी देरासरात माझ्या शेजारी आसन अंथरून हळूहळू खाली बसली. उजवा पाय दुमडताना ओठ आवळले, पण मांडी घातली गेली. मग तिनं हात जोडून पहिल्या उपवासाचा नेम मागितला.