धडकबाईची सही

धडकबाई दिवसभर खुर्चीत बसून भिंतींना धडका द्यायची आणि त्याचाच तिला पगार मिळायचा. भिंती व्हिडिओ गेममधल्या. दुकानात जाण्याआधी गेम तिच्याकडे तपासायला यायचा. पडद्यावरच्या माणसाला ती प्रत्येक भिंतीवर, दारावर, झाडावर नेऊन आपटायची. कुठे आरपार गेला की कागदावर खूण. अकरा वर्षं हेच. नवऱ्याचं काम सुटल्यापासून घर तिच्याच जिवावर चाललं होतं, तरी तो म्हणायचाच, ही घरी माझं डोकं खाते आणि तिकडे भिंतींचं.

त्या आठवड्यात दोन गेम आले. एक दोघी बहिणींनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून केलेला. धडकबाईने तीन दिवस डोकं आपटलं, तेव्हा कुठे एक खिडकी ढिली निघाली. बहिणींनी ती संध्याकाळपर्यंत नीट करून दिली.

दुसऱ्या गेमच्या खर्चात एखादं इस्पितळ उभं राहिलं असतं. त्यातला राजा पहिल्याच भिंतीतून आरपार गेला आणि खाली पोकळीत पडू लागला. धडकबाई चहा पिऊन, कप विसळून आली, तरी महाराज पडतच होते. असे सत्तर दोष.

तरी साहेबांनी सहीला कागद पुढे केला. राजाच्या गेमच्या डब्यावर सोनेरी पट्टी, 'अव्वल'. बहिणींच्या डब्यावर करडी, 'छोटा खेळ'. कार्यालयाचा नियमच तसा, पट्टी खर्च बघून लावायची.

"बाई, एवढा पैसा ओतलाय. अव्वल नाही म्हणून कसं चालेल?"

"ओतलाय खरा, साहेब. पण राजा गळतोय."

साहेब हसले नाहीत. सही नसेल तर उद्यापासून या खुर्चीत दुसरी बाई बसेल, म्हणाले.

धडकबाईच्या अंगाची लाहीलाही झाली. पट्टी बघून पोरं साठवलेले पैसे मोजणार, आणि त्या पट्टीखाली नाव हिचं? तिने बहिणींच्या कागदावरचं 'छोटा' खोडून 'अव्वल' लिहिलं आणि सही केली. राजाच्या कागदावर 'सत्तर दोष' लिहिलं, तिथेही सही केली.

"माझी सही ही. पैशाची हवी असेल तर पैशाकडून घ्या."

सोनेरी पट्टी लागायची ती लागलीच, साहेबांच्या सहीने. धडकबाई आता दोन घरची धुणीभांडी करते. ती उरकली की गेमच्या दुकानात जाऊन राजाच्या गेमच्या फळीपाशी उभी राहते आणि हात घालणाऱ्याला सगळे सत्तर दोष तोंडपाठ ऐकवते. दुकानदार तिला रोज बाहेर काढतो. विसाव्या दोषापर्यंत तरी ती पोचतेच.