शेवटपर्यंत ऐकणारे तक्रारदार

अगं, जवळ बस. टिटवाळ्यात राहून ठाकुर्लीला आमच्या वाचनाला एकदाही आली नाहीस, शोभतं का तुला?

वाचनालयाने बंदी घातलेलं पुस्तक आम्ही भजनी मंडळाच्या बायका सोसायटीच्या गच्चीवर मोठ्याने वाचतो. ते बंद करायला एक गृहस्थ तक्रारअर्ज लिहून आले. नाव सांगत नाहीत. चप्पल न काढता दाराशी बसतात, नको नको म्हणत दोन कप चहा पितात. परवा माझ्याकडून एक पान गाळलं गेलं, तर तेच ओरडले, "अहो आजी, मधलं राहिलं!"

मी म्हटलं, "मग अर्ज फाडा की."

"छे! अर्ज देणारच. पण सगळं ऐकल्याशिवाय देऊ कसा?"

तेव्हापासून आम्ही रोज दोनच पानं वाचतो. लवकर ये गं, चाळीसच उरलीत.